काचेतलं ऑइल

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच!

बहिरू नाना गिरणाऱ्याहून फवारणीचा पंप घेऊन आले. पाठीवरचा, टू-स्ट्रोक. चालू करून दाखवला तर धुराने दुकानासमोर उभं राहवेना. मी काउंटरवरूनच सांगितलं — नाना, ऑइल जास्त होतंय, जास्त ओतलं म्हणजे इंजिन जास्त जगतं असं नाही. आणि मोटारीतलं उरलेलं ऑइल यात ओतू नका. ते जळून जायला बनवलेलं नसतं, त्याची काजळी धरते. यातलं ऑइल पेट्रोलबरोबर जळून गेलं पाहिजे. डब्यावर एफसी नाहीतर एफडी लिहिलेलं बघा.

नानांनी मान हलवली. मग शेजारच्या गाळ्यात जाऊन आमच्या मेकॅनिकला, यादवला विचारलं, असं असं म्हणतेय, खरं का रे?

यादवने प्लग काढला, काजळी दाखवली आणि शब्दाला शब्द तेच सांगितलं. तर नाना परत येऊन मला म्हणतात, "पोरी, यादव म्हणतो एफडी दे."

पोरी म्हणे! या वीस तारखेला चाळीस पूर्ण होतील मला. बारा वर्षं झाली सासर सोडून आले त्याला, तेव्हापासून याच काउंटरवर आहे. माझ्या वडिलांचं, अण्णांचं गॅरेज आणि त्याला लागून माझं ऑइल-स्पेअरचं दुकान. कुठल्या इंजिनाला कुठलं ऑइल हे सातपुरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मीच लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी म्हणणार नाही. पिकतं तिथं विकत नाही.

यादव नानांना म्हणाला होता म्हणे, ताईंनीच शिकवलं मला. म्हणाला असेल. मोठेपणा करायला काय जातंय त्याचं?

५ नोव्हेंबर, बुधवार

अण्णांचे गुडघे आता पार गेले. खुर्चीत बसून हुकूम सोडतात, यादव कामं करतो. सुरगाण्याकडचा आहे. आठ वर्षांपूर्वी द्राक्षाच्या कामाला आला होता, मालकाचा पंप दुरुस्तीला घेऊन आला आणि इथेच राहिला. पंप दुरुस्त झाला, हा काही हलला नाही.

आज अण्णांनी त्याला नखावरचं ऑइल शिकवलं.

अण्णांची ही खास रीत. अंगठ्याच्या नखावर थेंब घ्यायचा, उन्हात धरायचा, नख तिरपं करायचं. कसा ओघळतो ते बघायचं, मग दोन बोटांत चोळून वास घ्यायचा. भेसळीचं ऑइल अण्णा डबा न बघता सांगतात. आज यादवचा अंगठा स्वतःच्या हातात धरून त्यावर थेंब टाकला त्यांनी. दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली.

मी दोन हजार चौदात विचारलं होतं, अण्णा मला शिकवा. तेव्हा म्हणाले, तू डब्यावरचं वाचतेस ना, तेवढं पुरे. तुला याची गरज नाही.

हो, जळते मी. इथे लिहायला काय लाज.

६ नोव्हेंबर

आईने बोंबलाची चटणी केली. मोठा वाटा यादवच्या डब्यात गेला. मी बघत नव्हते. पण दिसतं.

१० नोव्हेंबर, सोमवार



अण्णांची आरएक्स मोटारसायकल. चौऱ्याण्णवची, लाल. गुडघे गेल्यापासून पाच-सहा वर्षं गाळ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. कुणी हात लावायचा नाही, यादवनेसुद्धा नाही. रोज सकाळी अण्णा स्वतः ताडपत्रीवरची धूळ झटकतात.

आज ती ताडपत्री ओढून काढली. यादवला म्हणाले, गाडी ढकलत घरी घेऊन जा, नीट साफ कर, इथल्या गर्दीत नको. आरटीओची पुढच्या सोमवारची तारीख मिळालीय. पासिंग होऊन जाऊ दे, मग नावावर करायचं.

नावावर!

मी सहा फुटांवर काउंटरला उभी होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उलट मी बघतेय म्हटल्यावर आवाज हळू केला. यादव मान खाली घालून हसत होता. आयत्या बिळावर नागोबा!

याच गाडीवर मी चालवायला शिकले. सासरहून आले त्या महिन्यात. दिवसभर रडत बसायचे. अण्णांनी एक दिवस हेल्मेट आणून डोक्यावर घातलं आणि म्हणाले, "रडायचं तर यात रड, बाहेर दिसत नाही. पण क्लच सोडताना रडू नको." सातपूरच्या मैदानावर आठ दिवस मागे पळत होते माझ्या. तेव्हा गुडघे धड होते.

मागच्या वर्षी मी तोंडाने मागितली होती गाडी. अण्णा म्हणाले, बघू.

हे बघितलं का त्यांनी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

यादव काउंटरवर आला. जुनं पेट्रोल काढून टाकलंय, कार्बोरेटर साफ केलाय, नवा प्लग घातलाय. सगळं उत्साहाने सांगत होता. मी ऐकत होते, तोंड घट्ट मिटून.

मग म्हणाला, "ताई, अण्णा म्हणत होते —"

मी मध्येच तोडलं. म्हटलं, अण्णा काय म्हणतात ते मला नको सांगू. काय हवंय ते सांग.

 मग त्याने विचारलं, ऑइल कोणतं टाकू?

मी एफडी काढून दिलं. दुकानातलं सगळ्यात भारी. धूर कमी, काजळी कमी, पंपातून सहज ओघळणारं. म्हटलं, साइडची टाकी भरून घे, काचेत दिसेल एवढी.

"आणखी काय बघायला लागंल का, ताई?"

"नाही."

डबा घेऊन गेला.

मी खोटं बोलले नाही. त्याने ऑइल कुठलं विचारलं, मी खरं ते सांगितलं. अगदी योग्य ऑइल दिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिहूनच टाकते. इथे नाही लिहायचं तर कुठे.

आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी असते. तिच्यातून एक छोटा पंप आपोआप इंजिनाला ऑइल देतो. आपण पेट्रोल नुसतं भरायचं. साइड कव्हरला काच असते, तिच्यातून ऑइल किती आहे ते दिसतं. सगळ्यांना माहीत आहे हे.

अण्णांच्या गाडीत तो पंप बंद आहे.

दोन हजार तेरात म्हसरूळजवळ पंप अडकला आणि पिस्टन धरला होता, ऑइलवाचून आतच जाम झाला होता. अण्णा थोडक्यात वाचले. तेव्हापासून त्यांचा पंपावरचा विश्वास उडाला. आईच्या जुन्या ताटाचा तुकडा कापून त्यांनी त्याची पट्टी केली आणि पंपाचं तोंड कायमचं बंद केलं. पुढे ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचे, लिटरला तीस मिली, खोकल्याच्या औषधाच्या मापाने. पण साइडची टाकी मात्र भरून ठेवली. म्हणाले, काच रिकामी दिसली तर लोक हसतील, मेकॅनिकची गाडी आणि ऑइल नाही!

म्हणजे काचेत ऑइल दिसतं ते नुसतं दाखवायला. इंजिनाला त्यातला थेंब जात नाही.

ती पट्टी बसवली त्या दिवशी लाइट गेले होते. बॅटरी मी धरली होती. म्हणजे हे जगात दोघांनाच माहीत आहे. यादव आला त्याच्या नंतर.

त्याने नुसतं पेट्रोल भरलं असणार. आत आधीच्या ऑइलचा जो काही ओलावा असेल तेवढ्यावर आठ-दहा किलोमीटर जाईल. मग पिस्टन धरेल. मागचं चाक जागच्या जागी अडकेल.

सांगायला हवं. कळतंय मला. पण मोठा मेकॅनिक आहे ना तो? नखावर थेंब घेऊन ओळखतो ना? मग उघडून बघ की पंप! दोन स्क्रू काढायचे फक्त. आठ वर्षांत एवढंही शिकला नसेल तर वारस कसला.

गाडी अजून त्याच्या दारात उभी आहे. सोमवारपर्यंत बाहेर काढायची नाही असं अण्णांनी बजावलंय. उद्या सांगते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी दुकान आईवर सोपवून श्रमिकनगरला गेले. पर्समध्ये ते खोकल्याच्या औषधाचं माप. हे देईन, दोन वाक्यं सांगेन आणि निघेन, असं ठरवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी थांबले. गाडी त्याच्या दारात. धुऊन पुसून अशी लख्ख केलेली की ओळखू येईना. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं. यादवची बायको कापडाने आरसा पुसत होती. शेजारीण काहीतरी म्हणाली, त्यावर यादव म्हणाला, "अण्णांचा लय जीव हाय हिच्यावर. मला पोरासारखं मानलं म्हणून तर माझ्या हातात दिली."

पोरासारखं.

आणि पोटची पोर गल्लीच्या तोंडाशी माप घेऊन उभी!

परत फिरले.  रागाने की कशाने, माहीत नाही. माप अजून पर्समध्येच आहे.

१४ नोव्हेंबर

नाही सांगितलं. दोनदा तोंडापर्यंत आलं. दोन्ही वेळा अण्णांनी त्यालाच हाक मारली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज एक माणूस झाडं कापायच्या मशीनला ऑइल मागायला आला. कुणीतरी त्याला बोटीच्या इंजिनाचं ऑइल दिलं होतं, तेही टू-स्ट्रोकचंच म्हणून. मी त्याला अर्धा तास समजावलं. बोटीचं इंजिन पाण्याने थंड होतं, तुमचं हवेने. तुमचं जास्त तापतं, ते ऑइल तिथे टिकणार नाही. पिस्टन धरेल, हात जाईल एखादा. नवीन डबा दिला, मिसळायचं माप कागदावर लिहून दिलं, वाचून घेतलं त्याच्याकडून.

अनोळखी माणसाला अर्धा तास.

आणि यादव समोर प्लग घासत बसला होता. मध्येच म्हणाला, ताईंसारखं समजावून कुणी सांगत नाही. मी ऐकलंच नाही असं केलं. तो चांगला वागला की मला जास्त राग येतो. वाईट असता तर सोपं झालं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवताना अण्णांनी विचारलं, "यादवला ऑइलचं सगळं सांगितलंस ना?"

घास तोंडात होता. म्हटलं, हो. दिलंय.

"मग झालं," म्हणाले, आणि निवांत ताकाचा पेला तोंडाला लावला.

मग झालं! बारा वर्षांत एकदा तरी विचारलंय, अंजू, तुझं कसं चाललंय? यादवच्या गाडीला ऑइल मिळालं की नाही याची काळजी. आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, तोंड का उतरलंय? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

हे मात्र खोटं होतं. डोक्याचंही आणि आधीचंही.

बास. उद्या सकाळी तो निघायच्या आधी त्याच्या दारात उभी राहीन. आरटीओ दहाला उघडतं, साडेनऊला निघेल. आठलाच जाते. गाडी त्याची तर त्याची. मरू दे. म्हणजे — असं नाही म्हणायचं मला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठला पोचले. दार उघडं, गाडी नाही. त्याची बायको म्हणाली, साडेसातलाच गेले, पहिला नंबर लागावा म्हणून.

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. पाच वेळा केला. रिक्षावाल्याला पेठ रोड म्हणून सांगितलं आणि पुढचं काही आठवत नाही. हात जोडून बसले होते एवढं आठवतं. मी कधी कुणापुढे हात जोडत नाही.

अशोक स्तंभाजवळ माझा फोन वाजला. त्याचाच नंबर, पण आवाज दुसऱ्याचा.

पेठ नाक्याच्या पुढे मागचं चाक अडकलं. गाडी घसरत गेली, तो बाजूला फेकला गेला. मागून भाजीचा टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला तो यादवच्या पायापासून हातभर अंतरावर. हातभर! त्याच माणसाने उचलून दवाखान्यात नेलं.

हेल्मेट होतं. डोकं वाचलं. खांद्याचं हाड मोडलंय आणि उजवं मनगट दोन जागी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, बोटं पहिल्यासारखी चालतील का ते आत्ता नाही सांगता येत.

उजवा हात. मेकॅनिकचा.

मला बघून यादव म्हणाला, "ताई, चूक माझीच हाय. पंप उघडून बघायला पायजे होता. एवढं चांगलं ऑइल तुम्ही दिलं, मी वाया घालवलं."

मी तिथून बाहेर आले. पॅसेजमध्ये भिंतीला डोकं लावून उभी राहिले.

अण्णा दुपारी आले, आईचा हात धरून. यादवजवळ बसले बराच वेळ. मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले. पंपाचं सांगितलं नव्हतंस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही. विसरले असं म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं नाही. म्हटलं, मुद्दाम नाही सांगितलं.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. गुडघ्यावर हात फिरवत राहिले नुसते. मग म्हणाले —

"मी त्याला म्हटलं होतं, या गाडीचं ऑइल जगात एकाच माणसाला कळतं. अंजूला. तिला विचारल्याशिवाय किक मारू नको."

अण्णा म्हणत होते. ताई, अण्णा म्हणत होते. मीच बोलू दिलं नाही त्याला.

बारा वर्षं हे वाक्य ऐकायला कान लावून बसले होते मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑपरेशन झालं. आत सळ्या घातल्यात. यादवच्या बायकोला सगळं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.  डबा घेतला माझ्या हातातला, तोंड फिरवलं. बरोबर आहे तिचं.

यादवला अजून सांगायचंय. शुद्धीत आला की मीच सांगणार, दुसऱ्या कुणी नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

यादवला सांगितलं.  त्याने विचारलं, "गाडीसाठी, ताई?"

मी मान हलवली.

डोळे मिटून घेतले त्याने.  मग म्हणाला, "अण्णांना बोललो होतो मी, ताईला आधीच सांगू. नाय म्हणाले. गंमत करायची म्हणाले."

कसली गंमत, मी विचारलं. तोवर नर्स आली आणि मला बाहेर काढलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टेम्पोवाल्याने गाडी आणून सोडली. टाकी चेपलीय, आरसा फुटलाय, झेंडूची माळ तशीच. काचेत ऑइल काठोकाठ.

सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत आरटीओचे कागद. नाव बदलायचा फॉर्म भरलेला. देणारा: सावळीराम पगारे. खाली अण्णांची वाकडी सही. घेणारा: अंजली सावळीराम पगारे. तारीख आजची, माझ्या वाढदिवसाची.

माझ्या सहीची जागा रिकामी. तिथे पेन्सिलीने बारीक फुली, आणि शेजारी यादवच्या गोल अक्षरात — ताईंची सही इथं.